डाव्या हाताची मिरवणूक

मिरवणुकीचं जुनं छापील चित्र दिसलं की मी आधी तलवारी बघतो. राजा हत्तीवर, पुढे घोडेस्वार, आणि कधी कधी सगळ्यांच्या तलवारी डावीऐवजी उजव्या कमरेला. ठशावर सरळ कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, एवढंच त्याचं कारण. अशा चित्रकारांना मी वर्षानुवर्षं हसत आलो.

मग वसईतल्या आमच्या कोळीवाड्याच्या चर्चने स्मरणिकेसाठी माझ्याकडे चित्र मागितलं. माझ्या लहानपणी सणाची मिरवणूक जशी निघायची, तशी हवी होती. तिचा फोटो कोणाकडेच नव्हता. त्या मिरवणुकीच्या बँडमध्ये बाबा मोठा ढोल वाजवायचे, तेही डाव्या हाताने. उजव्याने वाजव, असं सांगून सांगून बँडमास्तर थकले आणि शेवटी त्यांना रांगेच्या कडेला उभं करू लागले. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आईला त्यांना ढोलासकट पुन्हा एकदा बघायचं होतं. मी न सांगता तिने त्यांना ओळखावं, अशी माझी फार इच्छा होती.

मी लिनोलियमच्या तुकड्यावर मिरवणूक कोरली, शाई फिरवली, कागद दाबून उचलला आणि कपाळावर हात मारला. फादर डाव्या हाताने आशीर्वाद देत होते. बायकांच्या मेणबत्त्या डाव्या हातात, बँडवाले सगळे डावखुरे. बाबा तेवढे उजव्या हाताने ढोल बडवत होते. माणसं बोटाच्या पेराएवढी, चेहरे म्हणजे नुसते ठिपके. ओळखायचं ते हातावरूनच, आणि हातच बदलला होता. स्वतःचा इतका राग आला की कागद फाडणारच होतो, तेवढ्यात आईने तो उचलला.

तिने चष्मा पुसला, फादरपासून बोट हळूहळू मागे नेलं आणि रांगेच्या कडेला थांबवलं.

“यो तुजा बापूस,” ती म्हणाली. “सगल्यांमदी उलट्या हाताचा यो एकलाच.”

मला रडू आलं. नव्या ठशासाठी काढलेला तुकडा मी परत ठेवून दिला.

स्मरणिका आल्यावर गावाने माझी यथेच्छ टर उडवली. बँडमास्तर आता फार थकलेत. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, अख्ख्या बँडमध्ये सरळ हाताने वाजवणारा एकच दिसतोय, तो कोण?

मी बाबांचं नाव सांगितलं.