तोंडाने खुडलेल्या कळ्या

मोगऱ्याची कळी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरायची, नखाने देठ दाबायचा आणि ओढायची नाही, खुडायची. वसईजवळ भुईगावला आमच्या फुलांच्या वाडीत हे काम आयचं होतं. उजाडता उजाडता ती सुरू करायची आणि ऊन चढायच्या आत पाटी भरून, वर ओलं फडकं घालून मोकळी व्हायची. तिचा एक कडक नियम होता. विकायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. फुलं दादरच्या बाजारात जात आणि तिथून कुणाकुणाच्या देवघरात. आपण ख्रिस्ती असलो म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या देवाला उष्टं फूल द्यायचं नाही, असं ती म्हणायची. लहानपणी पाटीत नाक खुपसलं म्हणून मी तिचा धपाटा खाल्लेला आहे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मॅट्रिक झाले होते. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं होतं आणि जूनमध्ये हॉस्टेलवर जायचं होतं. आमच्या घरातून इतकं शिकायला बाहेर पडणारी मी पहिलीच मुलगी. त्यामुळे माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणानंतर गावात ताप आला. लोक त्याला हाडमोड्या ताप म्हणत. आमच्या घरात तो आयला झाला. अंगावर लाल पुरळ, डोळे उघडवेनात, कूस बदलायची तर दोघांनी धरावं लागे. वसईचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हा डासांमुळे येतो, याला खास औषध नाही. तापाची गोळी द्या, पेज द्या, भरपूर पाणी पाजा, पडून राहू द्या. चारपाच दिवसांत ताप उतरेल, सांधे मात्र काही जणांचे कित्येक महिने दुखतात. ताप उतरेल हे आम्ही नीट ऐकलं. पुढचं ऐकायला कोणाला वेळ होता?

पाचव्या दिवशी ताप उतरला. बाबांनी देवाचे आभार मानले आणि घर पुन्हा कामाला लागलं. आय मात्र लागली नाही. सकाळी तिला पाय जमिनीला टेकवत नव्हते. मनगटं सुजलेली, बोटं मिटत नव्हती. निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, खोबरेल चोळलं. तासभर बरं वाटे, पुन्हा तेच. संध्याकाळी रोजरीच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकायचे, ती खाटेवर बसून राहायची. शेजारणी येऊन बघून जात आणि दारातून बाहेर पडल्यावर म्हणत, तोंडावर तर तेज आलंय, मग कण्हते कशाला?

कळ्या आता मी खुडत होते. हंगाम भरात होता आणि जून जवळ येत होता. बाबा एकदा जेवताना सहज म्हणाले, "हिला असंच राहिलं तर यंदा तुझं जानं पुढच्या वर्षावर टाकू." हातातला घास ताटातच राहिला. मी उठून आयच्या खाटेपाशी गेले.

"आय, ताप गेल्याला महिना झाला. तुला मला पाठवायचंच नाय, म्हणून हे सोंग चाललंय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आयने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एवढंच म्हणाली, "दुखतंय गो बाय." हे ती रोजच म्हणायची, म्हणून मी वळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा खाट रिकामी होती. आय वाडीतून परत येत होती, भिंतीला धरत धरत. कोपरात अडकवलेल्या पाटीत तळ झाकेल एवढ्याच कळ्या होत्या. पण अंगणातल्या आमच्या क्रुसापाशी कळ्यांचा ढीग पडला होता. मी चिडून विचारलं, एवढा माल इथे कशाला ओतलास?

"बोटं मिटत नाय," ती म्हणाली. "थोड्या हातानं निघाल्या, बाकी तोंडानं खुडल्या. त्या विकायला नाय चालत. आपला देव समजून घेईल." मग दम घेऊन म्हणाली, "तू जा ट्रेनिंगला. मना जमंल."

मी एक कळी उचलून पाहिली. देठावर दाताची खूण होती. त्याच वेळी मी तिचे हात हातात घ्यायला हवे होते. मी ती कळी परत ढिगात टाकली आणि पाटी घेऊन वाडीत गेले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली मी. जूनमध्ये मी गेले. वाडीसाठी बाबांनी एक बाई लावली.

पावसाळा सरता सरता त्याच तापाने मला धरलं. हॉस्टेलवाल्यांनी घरी पाठवलं. चारपाच दिवसांत उतरला आणि मग खरं सुरू झालं. मला खडू धरता येईना, वेणी घालता येईना, झंपरची बटणं लागेनात. तीन आठवडे झाले तरी तेच. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण मी पुढे वर्षानुवर्षं मुलांना शिकवली. उदाहरण मात्र नेहमी पुस्तकातलंच दिलं.

एका सकाळी आय माझी वेणी घालायला बसली. तिची स्वतःची बोटं अजून पुरती मिटत नव्हती. पेड निसटत होते, ती पुन्हा पुन्हा धरत होती. माझी पाठ तिच्याकडे होती, म्हणून मला बोलायचं धैर्य झालं.

"आय, ताप गेला तरी दुखतंय गो."

मी वाट बघत राहिले. तिने आता ते बोलावं, सोंग म्हणावं, म्हणजे माझी सुटका होईल असं वाटत होतं. तिने निसटलेला पेड पुन्हा धरला.

"दुखनारच," ती म्हणाली. "घट्ट झाली काय वेनी? सैल घालते."

मला माफ कर म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेव्हा म्हटलं नाही, पुढेही नाही, आणि आता ऐकायला ती नाही. दुखतंय, असं तिने महिनाभर रोज सांगितलं होतं. मी एकदाच म्हटलं, आणि तिला ते लगेच खरं वाटलं.