जाड ग्रीस

ग्रीसचा वास आला की स्टील प्लांटच्या कॉलनीतलं, सेक्टर दोनचं आमचं क्वार्टर आठवतं. बाबांचा बंद पडलेला चावीचा ग्रामोफोन मी ड्युटीवरून थकून आल्यावर, शिकत शिकत, महिनाभर खोलत-जोडत होतो. आतल्या स्प्रिंगला प्लांटमध्ये वापरतात तेच जाड ग्रीस चोपडलं, तिथंच चुकलं. चावी दिली तर तबकडी रखडत फिरू लागली आणि गाणारीचा बारीक आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. रोलिंग मिलच्या आवाजानं बाबांचे कान केव्हाच गेलेले, म्हणून मोठ्यानं म्हणालो, “उद्या घासलेटनं धुतो.” ते पेटीजवळ सरकले. “नको धुऊ. बारीक आवाज मले येतच नाही. हे गाणं आज ऐकू येऊन राहिलं.” आता मीही रिटायर झालो, नातीचं बारीक आवाजातलं बोलणं मला नीट ऐकू येत नाही. ते ग्रीस अजून तसंच आहे.