ठोकळ्याची पलीकडची बाजू

नाशिकच्या थंडीत खोबरेल बाटलीतच गोठतं. आज बाटली उन्हात ठेवली, ओट्याशेजारच्या सागवानी ठोकळ्याला तेल चोळायला घेतलं आणि तेल प्यायलेल्या सागाचा तोच जुना वास आला.

हे सातपूरला कंपनीत फिटर होते. घर बांधताना दारांच्या चौकटींचे सागवानी तुकडे उरले होते. दर रविवारी गच्चीवर बसून ह्यांनी त्यांना रंधा मारला, सरसानं जोडले, खाली चार पाय बसवले. उभ्यानं भाजी चिरता यावी म्हणून. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, पण मी विळी सोडायला तयार नव्हते. ठोकळा आत आणला, तर स्वयंपाकघरात वळायला जागा उरेना.

"अहो, केवढा हा! खाटकाचं दुकान काढायचंय का?"

अंगावरचा भुसा झटकत हे म्हणाले, "दोघांच्या मापाचा आहे. इकडून तू, तिकडून मी. रिटायर झालो की मीपण चिरीन."

"तुम्ही चिरलेला कांदा कोण खाणार?" असं म्हणून मी ह्यांच्या बाजूला मिक्सर ठेवून दिला. हे हसले, पण मिक्सर काही हलवला नाही.

रिटायर व्हायच्या आधीच हे गेले. पुढे विळीही सुटली. माझ्या बाजूला आता सुरीचे चरेच चरे आहेत. आज तेलासाठी मिक्सर उचलला, तर खालचं लाकूड अगदी त्या दिवसासारखं. एक ओरखडा नाही.

मी पलीकडे जाऊन उभी राहिले आणि तिथं कांदा चिरला. हल्ली एकच लागतो.