आमच्या शाळेत परीक्षा फक्त मॅडमची

संध्याकाळी धसईहून मुरबाडला जाणाऱ्या जीपमध्ये मी बसले की ड्रायव्हर पहिला प्रश्न विचारतो, "मॅडम, आज काय झाला?" एखाद्या दिवशी मी "काही नाही" म्हटलं, तर मागच्या सीटवरच्या भाजीवाल्या मावशी नाराज होतात. आमच्या शाळेत खडू संपतात, झाडू संपतो, पण किस्से संपायचं नाव घेत नाहीत. वर्षभरात एवढे साठलेत की आता जीपमध्ये जागा पुरत नाही, म्हणून इथे सांगते.

शाळा आहे एका पाड्यावर, पहिली ते चौथी. कुणा मोठ्या संस्थेची नाही. सुमनताईंनी दहा-बारा वर्षांपूर्वी एका घराच्या पडवीत सुरू केली, तीच हळूहळू वाढली. मी इथे येण्याआधी एका मोठ्या शाळेत होते. तिथे दिवसभर ओरडून ओरडून मला स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता. इथे तरी नीट शिकवता येईल, एवढीच आशा घेऊन आले.

मुलाखतीत ताईंनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "सरकारी नोंदी असतात त्या आपण करतो. बाकी आमच्याकडे मुलांची परीक्षा नसते. नव्या शिक्षकाची असते."

"कोण घेतं?"

"मुलं. वर्षाच्या शेवटी."

मी हसले. ताई हसल्या नाहीत.

"आणि मुलांनी नापास केलं तर?"

"तर मी तुम्हाला जीपपर्यंत सोडायला येईन," ताई अगदी प्रेमाने म्हणाल्या!

* * *

पहिल्याच दिवशी मी वर्गात गेले आणि सवयीने म्हणाले, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

कुणीच हललं नाही. त्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. मग मीच हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि करून दाखवलं. तिसरीतली हौशी उठून जवळ आली, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, दात दुखतो का?"

* * *

एकदा क्षेत्रफळ शिकवायचं होतं. मी फळ्यावर छान आयत काढला आणि म्हटलं, "समजा, हे भाताचं खाचर आहे."

"नाय," पिंट्या म्हणाला. हाही तिसरीतलाच.

"समजा म्हटलं ना मी!"

"पण मॅडम, बांधच नाय काढला. पाणी जाईल ना सगळा!"

सगळा वर्ग चिंतेत पडला. फळ्यावरचं पाणी वाहून चाललंय आणि मॅडम खुशाल उभ्या आहेत! मी चारी बाजूंनी जाड बांध काढला तेव्हा कुठे सगळे निवांत झाले. मग हौशीनेच विचारलं, "आता मापायचा कुठून? बांधाच्या आतून का बाहेरून?" त्यावर तास संपेपर्यंत भांडण झालं. मी कोपऱ्यात गप्प उभी होते. माझ्या आयुष्यातला गणिताचा तो सगळ्यात चांगला तास, आणि त्यात मी फक्त एक आयत काढला होता, तोही चुकीचा.

* * *

पालकसभेला हौशीचे वडील, काशिनाथदादा, तक्रार घेऊन आले. माणूस सरळ, पण त्या दिवशी वैतागलेला.

"ताई, शाळेला माझा काय बोलना नाय. पण पोरीला प्रश्न विचारायचा टाइम ठरवून द्या. भाताच्या आवणीच्या टायमाला बांधावर उभी राहून विचारते, चिखलात पाय रुततो, मग बेडूक का नाय रुतत? माझा काम थांबतो!"

"मग तुम्ही काय उत्तर देता?" ताईंनी विचारलं.

"येत नाय ना उत्तर! म्हणून तर थांबतो!"

सभा हसून लोळली. दादाही हसले. शाळेत मुलं वाढली होती, तिसरी खोली हवी होती. पुढच्या आठवड्यात हेच दादा चार गडी आणि कारवीच्या काठ्यांचे भारे घेऊन आले आणि त्यांनी खोलीच्या कुडाच्या भिंती उभ्या केल्या. काम करताना मला म्हणाले, "मॅडम, त्या बेडकाचा काय झाला?" त्यालाही सहा महिने झाले. आम्हाला उत्तर अजून सापडलेलं नाही.

* * *

शाळेचा एक नियम आहे. जो ओरडेल त्याने बाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायचं, शांत वाटलं की परत यायचं. एक दिवस सांडलेल्या शाईवरून मी पिंट्यावर जोरात ओरडले. जुना आवाज, तोच! मग पिंट्यानेच दार उघडून धरलं. "मॅडम, बसा जरा जाऊन."

मी बसले. वाईट वाटत होतं. नेमके तेव्हाच पंचायत समितीचे एक साहेब तपासणीला आले.

"मॅडम, वर्ग सोडून बाहेर का बसलात?"

"मला बाहेर काढलंय."

"कोणी?"

"तिसरीने."

साहेब चप्पल काढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "किती वेळ बसायचं असतं?"

* * *

एप्रिल जवळ आला तशी माझी झोप उडाली. लपवत नाही, मला ही शाळा सोडायची नव्हती. इतकी वर्षं शिकवून पहिल्यांदाच सकाळी कामावर जावंसं वाटत होतं. आणि मी किती वेळा ओरडले, किती वेळा उत्तर आधीच सांगून टाकलं, हे मुलांना पाठ होतं. एका सोमवारी मी मुरबाडहून बिस्किटांचे पुडे नेले. सगळ्यांनी आनंदाने खाल्ले. हौशीने खाता खाता विचारलं, "मॅडम, परीक्षा जवळ आली ना?"

* * *

निकालाच्या दिवशी सगळी मुलं मोहाखाली गोल करून बसली. मोठ्या माणसांना तिथे मज्जाव. मी आणि ताई आत तांदूळ निवडत बसलो. मी खडे ठेवत होते आणि तांदूळ टाकत होते. ताईंनी सूप माझ्या हातातून काढून घेतलं.

बऱ्याच वेळाने हौशी आत आली. मागे दारात सगळी शाळा.

"ठरला," ती म्हणाली. "नापास."

माझे डोळे भरून आले. मी उठले, पर्स खांद्याला लावली. ताईसुद्धा गडबडल्या.

"का गो? काय चुकलं मॅडमचं?"

"काय नाय चुकला."

"मग?"

हौशीने ताईंकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का!

"मागचे चौथीवाले पास झाले, गेले टोकावड्याच्या शाळेत. मागच्या साली नव्या सरांला पास केला, सर गेले कल्याणला." तिने माझ्या खांद्यावरची पर्स ओढून घेतली आणि पोटाशी धरली. "मॅडमला नाय करायचा पास."