दाराआडची रेघ

उपनगरातलं घर विकायला काढलं, तेव्हा रंग द्यायला एक म्हातारा रंगारी आला. नाव मी विचारलंच नाही. ब्रश लावण्याआधी तो प्रत्येक भिंतीला तळहात टेकवायचा, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. पुराच्या पाण्याची रेघ आधी झाका, असं मी त्याला बजावलं होतं. संध्याकाळी बघतो तर सगळी खोली पांढरीशुभ्र, पण दाराआड वीतभर रेघ तशीच ठेवलेली. मी चिडलो.

"पावणं," तो ब्रश धूत म्हणाला, "घेणाऱ्याला सामान किती उंच ठेवायचं, त्ये कळाय नगं व्हय?"

दुसऱ्या दिवशी घर बघायला एक नवराबायको आले. दार उघडं असलं की रेघ त्याच्याआड झाकली जायची. दोघं आत आले आणि मी दार लोटून घेतलं.