खंदकातली सोंगटी

दुपारच्या जेवणानंतर वैजयंती टेबलावरच डोकं टेकते. समोर पानिपत पसरलेलं आहे. तिने आणि तिच्या धाकट्या भावाने, निरंजनने, मिळून रचलेला हा खेळ. प्रत्येकाने एकेका सेनापतीची भूमिका घ्यायची आणि लढाईतले निर्णय आपण घ्यायचे. खंदकाआड वेढ्यात अडकलेल्या मराठी फौजेचा सेनापती निरंजन. छावणीतलं धान्य संपलं, आता थांबायचं की बाहेर पडायचं, इथवर डाव आला होता. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून तो उठला आणि रविवार यायच्या आत तापाने गेला.

तेव्हापासून बाईसाहेब नवेनवे नियम काढतायत. कधी रसद पोचते, कधी धुकं पडतं, कधी तहाची बोलणी सुरू होतात. भावाची सोंगटी खंदकातून हलू नये, एवढाच सगळा खटाटोप. बाकीचे खेळाडू पार कंटाळलेत. पण ताईंपुढे बोलणार कोण?

डोळे मिटतात न मिटतात तोच टेबलाची कड उंच होते, मातीची होते. वैजयंती खाली खंदकात उभी आहे आणि गारठा हाडांत शिरतोय.

"आलीस, ताई? बस."

निरंजनच तो. आईने दहादा टाकून दे म्हटलेला तोच भोकं पडलेला स्वेटर. गालफडं बसलीत.

"किती वाळलास रे!"

"वाळेन नाही तर काय? खायला आहे कुठे?"

"मी रसद पाठवली होती ना?"

"कागदावर. इथे दाणा पोचला नाही."

तिला रडू फुटतं. त्याचा हात धरून ती ओढतच निघते. वळणावर घरचं स्वयंपाकघर लागतं, ओट्यावर रिकामे डबे. दार उघडते, तर पलीकडे खंदक. मागचं दार उघडते, तिथेही खंदक. इस्पितळाचा जिना लागतो. दोघं वर वर चढतात आणि पुन्हा त्याच मातीत उतरतात. भिंतीला टेकून बायका, म्हातारी माणसं, यात्रेकरू बसलेत. सगळे तिच्याकडेच बघतायत.

"वाट कुठेय, नीरू?"

"तूच बुजवलीस. माझी चाल अडवून धरलीयस."

"बाहेर पडलास तर मरशील!"

"अगं, ते झालं ना," तो समजावतो. "आता नुसता उपाशी बसलोय."

तो गाल पुढे करतो.

"हळद लाव."

हा नियम त्याचाच. निकराच्या लढाईला निघताना मराठ्यांनी तोंडाला हळद फासली होती म्हणतात. म्हणून वेढा फोडणाऱ्याच्या गालाला हळद लावायची. त्यासाठी खेळाच्या खोक्यात एक डबीही ठेवलेली. तेव्हा ती त्याला नाटक्या म्हणाली होती.

आता ती अंगठा त्याच्या गालावर टेकते. गाल तापलेला आहे, शेवटच्या दिवशी होता तसाच.

"जा बाबा," ती कशीबशी म्हणते.

तो मातीवर चढतो. वरून म्हणतो, "आणि ते तहाचे नियम काढून टाक. भिकार आहेत."

दाराची घंटा वाजते. वैजयंती दचकून उठते. डबी खोक्यात आहे, झाकण घट्ट लावलेलं. सोंगटी खंदकातच आहे. तिचा अंगठा मात्र पिवळाजर्द झालाय.

दिगंबर आणि बाकीची खेळाडू मंडळी चपला काढत आत येतात.

"ताई, आज काय? पुन्हा धुकंच का?"

त्याच अंगठ्याने ती सोंगटी उचलते आणि खंदकाबाहेर, मोकळ्या मैदानात ठेवते.

"नाही," ती म्हणते. "निरंजनची चाल झाली."