नऊ वर्षं पोसलेलं खोटं

शिरूर कासारच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला छबुबाईचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जायचं. छबुबाईनं नवऱ्याबरोबर, सुंदररावांबरोबर, बावीस हंगाम तोडणी केली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिचा पाय कधी घसरला नाही आणि बोलताना जीभही कधी घसरली नाही. मनातलं बाहेर येऊ द्यायची नाही अशी बाई.

तिचा मुलगा अंगद, सून वनमाला. लेक सायली झाल्यावर वनमालाला पुन्हा दिवस राहिले, पण तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं. तेव्हापासून कंबर दुखायची, अंगावरून जायचं. तोडणीत बाई चार दिवस आजारानं बसली की सगळी टोळी कुरकुरते. एका खासगी डॉक्टरनं गर्भपिशवी काढून टाका म्हणून सांगितलं. छबुबाईची स्वतःची तिशीतच काढलेली होती, गल्लीतल्या कितीतरी बायांची तशीच. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वनमाला तेवीस वर्षांची होती. म्हणाली, "आत्या, थोडं थांबू. मला आजून एक लेकरू पायजे."

अंगद बैल बघायला बाजाराला गेला होता. छबुबाई म्हणाली, "अंगदला इचारलंय मी. तो म्हनला, काढून टाका."

आणि संध्याकाळी अंगद आल्यावर त्याला सांगितलं, "वनमालाच म्हनती काढायची. तू काय बोलू नको, बायामान्सांची गोष्ट हाय."

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

नवराच म्हणाला म्हटल्यावर वनमालानं त्याला काय विचारायचं? तिनं विचारलंच नाही. पण त्या दिवसापासून तिचं त्याच्यावरचं मन उडालं. भाकरी वाढायची, कपडे धुवायची. आपलं असं एक अक्षर बोलायची नाही. बायको अशी का झाली, हे अंगदला कळेना. हळूहळू तोही मुका झाला. एका खोपीत राहून, एकाच फडात कोयता चालवून दोघं परक्यासारखी जगली. छबुबाई बघत होती.

पुढं तिचे गुडघे गेले. हंगामात ती सायलीला घेऊन घरीच राहू लागली. गावात सत्यभामा सिस्टर होत्या, निवृत्त नर्स, ख्रिस्ती. त्यांच्याकडं गुडघ्याला औषध आणायला ती गेली, तो रविवार होता. ओसरीवर आठ-दहा बाया प्रार्थनेला बसल्या होत्या. ही बसली ती दर रविवारी बसतच गेली. देवाशी झाडताना, भाकरी थापतानाही बोलता येतं, हे तिला तिथं कळलं. जन्मभर कुणाला काही न सांगितलेली बाई येशूला सगळं सांगू लागली.

सुंदरराव एकदा म्हणाले, "कुनाशी बोलतीस गं?"

"प्रभूशी."

"बोल. पन माजी एकादशी मोडू नको." एवढ्यावर तो विषय मिटला.

एके दिवशी चुलीपुढं तिनं ते खोटंही प्रभूला सांगितलं आणि पोटभर रडली. माफी मिळाली असं तिला वाटलं. ओसरीवर सांगायचीही, "मला लई हलकं वाटतंय." पण हंगाम संपून अंगद-वनमाला घरी आली आणि जरा एकमेकांशी बोलताना दिसली की काहीतरी निमित्त काढून ती मधे जायची. खोटं उघडं पडेल या भीतीनं आपण मधे जातो, हे तिचं तिलाच उमगलं, तेव्हा तिनं सिस्टरना सांगितलं.

सिस्टरनी हातातली औषधाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "देवानं माफ केलं असंल, छबुबाई. पर ज्या दोघांचं वाटोळं झालं, त्यांना आजून ठाऊकबी न्हाई."

त्यानंतरही तिनं एक वर्ष काढलं. आज नको, सण होऊ दे, हंगाम होऊ दे. शेवटी चैत्रातल्या एका दुपारी वनमाला अंगणात हरभरा निवडत होती, अंगद बाजेवर होता. छबुबाई दोघांच्या मधे खाली बसली आणि सांगून टाकलं.

वनमालाचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमी म्हनला नव्हता?"

"मला सांगितलं, तूच म्हनलीस."

अंगद उठला. "नऊ वर्सं, आई," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

"माफ कर गं," छबुबाई म्हणाली.

"माफी कावून मागता?" वनमालाचा आवाज चढला नव्हता. "तुमचं मन हलकं व्हावं म्हनून?"

छबुबाईला खोटं बोलता आलं असतं. "व्हय. त्यासाठीबी," ती म्हणाली.

आठ दिवसांत वनमालानं चूल वेगळी मांडली. अंगद आईशी कामापुरतं बोलू लागला. सांगितलं नसतं तर बरं, असं छबुबाईला किती वेळा वाटून गेलं. पण आता ती दोघं बोलत बसली तरी ती मधे जात नसे, तिला जावंसंच वाटत नसे. भीती गेली होती. पस्तावा मात्र तसाच राहिला, आणि तो काढून घे असं तिनं प्रभूकडं मागितलं नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वनमालाची कंबर फारच धरली. अंगद कामाला बाहेरगावी गेलेला. तिला दवाखान्यात न्यायला छबुबाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"या," वनमाला म्हणाली. "पन वाटंत काय बोलू नका."

बीडच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हाडं एवढ्या लवकर ठिसूळ झालीत म्हणाल्या. गर्भपिशवी कितव्या वर्षी काढली, त्यांनी विचारलं.

"तेविसाव्या."

"इतक्या लवकर? कुणी सांगितलं होतं?"

मागं रांगेत बाया उभ्या होत्या, त्यांत दोघी गावच्याच. वनमाला खाली बघत राहिली.

"डाक्टर म्हनला व्हता," छबुबाई म्हणाली. "पन हिला नको होती. मी खोटं बोलून काढायला लावली."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडं बघितलं, मग गोळ्या लिहून दिल्या. वनमालानं कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि औषधाच्या खिडकीकडं निघाली. गर्दीत एकदा थांबून तिनं मागं वळून बघितलं, म्हातारी येते की नाही ते, आणि पुन्हा चालू लागली.